हिरव्या पानाआधीचं काळं पान: मुलांना वणवा कसा सांगायचा?

जंगलातल्या आगीवरची मुलांची चार-पाच चित्रपुस्तकं ओळीने चाळली, तर त्यांचा साचा लगेच लक्षात येतो. सुरुवातीला दाट जंगल, हरणं, पक्षी. मग धूर. मग दोन-तीन नारिंगी पानं आणि त्यातून पळणारे प्राणी. त्यानंतर एक काळं-करडं पान, ज्यावर बहुतेक वेळा एखादीच ओळ असते. पान उलटलं की राखेतून वर आलेला हिरवा कोंब. शेवटी पुन्हा पक्षी. मूल निश्चिंत, आई-बाबाही निश्चिंत, दिवा बंद.

या साच्यात वाईट काही नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला भीतीच्या तळाशी सोडून पुस्तक बंद करणं कुणालाच नको असतं. पॉडकास्टमध्ये या विषयावर बोलताना मी एवढंच म्हटलं होतं की हा हिरवा कोंब सगळीकडे सारखाच खरा नसतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की मग आम्ही मुलांना, भाच्या-पुतण्यांना वाचून काय दाखवायचं? तिथे वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आगीनंतर निसर्ग सावरतो हे मुलांना जरूर सांगावं. पण कुठला निसर्ग, किती वर्षांत आणि कशाच्या जोरावर सावरतो, हे त्या-त्या जागेचं उत्तर असतं. दुसऱ्या खंडातल्या जंगलाचं उत्तर आपण सह्याद्रीला चिकटवलं, तर मुलं चुकीचा दिलासा घेऊन मोठी होतात. आणि आपल्या, म्हणजे बाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हा धोका जरा जास्तच आहे.

आपल्या मुलांना वणवा दिसतच नाही

मी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते. आमच्या आसपासची मराठी मुलं बहुतेक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. म्हणजे मुलं गावी जातात ती भर पावसात. ताम्हिणी, माळशेज, आंबोली, सगळीकडे हिरवंगार आणि धबधबे. ज्यांना जमतं ते डिसेंबरातही आठ-दहा दिवस जाऊन येतात. तेव्हा डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि फोटो फार छान येतात.

वणव्याचे दिवस या दोन सुट्ट्यांच्या बरोबर मधे येतात, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत. त्या काळात रात्री घाटातून जाताना डोंगरावर सरकणारी लाल रेघ दिसते आणि सकाळी तोच उतार काळा झालेला असतो. आपल्यापैकी जे महाराष्ट्रात वाढले त्यांनी हे लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. आपल्या मुलांनी पाहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी सह्याद्री म्हणजे एक सोनेरी पान आणि एक हिरवं पान. मधलं काळं पान त्यांच्या पुस्तकातून गळूनच पडलंय.

शिवाय आग म्हटलं की इथल्या मुलाच्या डोळ्यांसमोर इमारत येते. अलार्म वाजतो, जिन्याने खाली उतरायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं, अग्निशमन दल येतं, आग विझते. हे माहीत असायलाच हवं. पण डोंगरावर हे चित्र लागू होत नाही.

एका अस्वलाने शिकवलेला अर्धा धडा

मुलांना चित्रांतून वणवा शिकवण्याचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९४२ मध्ये डिस्नेचा 'बांबी' आला, त्यात जंगलाच्या आगीचा प्रसंग होता. १९४४ मध्ये अमेरिकेच्या वन विभागाने बांबीचं चित्र वणवा रोखण्याच्या पोस्टरांवर वापरलं, पण परवानगी एकाच वर्षाची होती. म्हणून त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं पात्र तयार केलं, स्मोकी नावाचं टोपी घातलेलं अस्वल. १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका वणव्यात अस्वलाचं खरंखुरं भाजलेलं पिल्लू सापडलं. त्याला हेच नाव मिळालं आणि १९७६ मध्ये मरेपर्यंत ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं.

स्मोकीचा संदेश साधा होता: जंगलातली आग म्हणजे संकट आणि ती रोखणं तुझ्या हातात आहे. मुलांच्या काही पिढ्या हे घोकत मोठ्या झाल्या. निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगींबाबत संदेश बरोबरच होता. पण अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कित्येक जंगलांना अधूनमधून लागणारी हलकी आग लागते, ती त्यांच्या जगण्याचाच भाग आहे. प्रत्येक आग विझवत राहिल्याने तिथे वाळलेला पालापाचोळा आणि दाटीवाटीने वाढलेली झाडं साचत गेली आणि पुढच्या आगी जास्त भडकल्या. १९६८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या धोरणात नैसर्गिक आगीला जागा दिली गेली. स्मोकीच्या घोषवाक्यातला शब्द मात्र २००१ मध्ये बदलला. जंगलाची आग याऐवजी वणवा असा शब्द आला, कारण जंगलात माणसाने ठरवून, आटोक्यात लावलेली आग वेगळी असते.

लहानपणी मनात बसलेलं चित्र विज्ञान बदललं तरी लवकर हलत नाही, हे यातून दिसतं. म्हणूनच आज आपण मुलांना कुठलं चित्र देतोय याचा विचार करायला हवा.

हिरवा कोंब कुठे खरा आहे?

स्मोकीच्या पुढची पायरी म्हणजे आजची 'आगीनंतर जंगल पुन्हा जन्मतं' असं सांगणारी पुस्तकं. त्यांच्यामागे खरं विज्ञान आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. तिथे लॉजपोल पाइन नावाचं झाड मोठ्या प्रमाणात आहे. त्याच्या बऱ्याच झाडांची शंकूसारखी फळं राळेने बंद झालेली असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात. राखेवर बिया पडतात आणि नवं जंगल सुरू होतं.

ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या कितीतरी जातींच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात. झाड कोळशासारखं दिसत असतं आणि काही आठवड्यांत खोडावरूनच हिरवी पालवी फुटते. माझी पीएचडी तिथे झाली, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा बघताना खोटंच वाटतं. लेखिका जॅकी फ्रेंच आणि चित्रकार ब्रूस व्हॉटली यांचं 'फायर' हे चित्रपुस्तक २०१४ मध्ये आलं, ते याच भूमीतलं. तिथल्या मुलांच्या शाळेला बुशफायरमुळे खरोखर सुट्टी मिळते, त्यामुळे पुस्तक आणि खिडकीबाहेरचं जग जुळतं.

पण ऑस्ट्रेलियातही हा नियम सरसकट नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या आगी गोंडवाना वर्षावनांत शिरल्या आणि त्या जागतिक वारसा क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग आगीच्या कक्षेत आला. या ओल्या जंगलातल्या झाडांना आगीची सवयच नाही. शेजारची निलगिरी पालवत असताना यातली कित्येक झाडं उभीच्या उभी मेली. एकाच देशात, एकाच आगीत, दोन वेगळे शेवट.

सह्याद्रीत काय जळतं, काय परत येतं

महाराष्ट्रात वणवे जवळजवळ सगळे माणसामुळे लागतात. वीज पडते ती बहुतेक वळवाच्या पावसासोबत, त्यामुळे तिने पेटलेली आग फार पसरत नाही. कारणं ओळखीची आहेत. पुढच्या वर्षी गवत चांगलं फुटेल या समजुतीने माळ पेटवले जातात. विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी कोवळी पानं यावीत म्हणूनही आग लावतात. बांध जाळताना आग हाताबाहेर जाते. विझवली नाही अशी विडी-सिगारेट, ट्रेकर्सची अर्धवट विझलेली चूल. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात आणि आसपास कित्येक ठिकाणी आगी लागल्या, तेव्हा हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी टाकावं लागलं होतं.

आता परत काय येतं? सगळ्यात आधी गवत. गवताचे वाढीचे डोळे जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतात. कुसळी गवताचं तर बीच असं असतं की त्याची पिळदार शेपटी ओलसर हवेत फिरते आणि बी मातीत रुतत जातं. ट्रेकहून आल्यावर मोज्यांतून काढावी लागणारी कुसळं ती हीच. मातीत रुतलेलं बी वरून आग गेली तरी वाचतं. रानहळदीसारख्या वनस्पतींचे कंद जमिनीखाली असतात. साग आणि पळस आग बऱ्यापैकी सोसतात, पुन्हा फुटतात. म्हणून जूनमध्ये पाऊस पडला की मार्चमधला काळा उतार पोपटी होतो.

आणि काय येत नाही? घळींत, ओढ्याकाठी, देवरायांच्या कडेला वाढणारी सदाहरित झाडांची लहान रोपं. त्यांची साल पातळ असते. एका वणव्यात ती जातात, पुढच्या वर्षी एखादं उगवतं, मग पुन्हा वणवा. वर्षानुवर्षं असं झालं की मोठी झाडं म्हातारी होतात आणि त्यांच्या मागे कुणीच नसतं. जंगल आतून पोकळ होत जातं आणि कडेने गवत आत सरकतं. गवत जास्त म्हणजे पुढचा वणवा सोपा.

जमिनीवर राहणाऱ्यांचं वेगळंच. टिटवी आणि रातवा जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांच्या विणीचे दिवस वणव्याच्या दिवसांत येतात. चित्रपुस्तकातलं हरीण पळून जातं. अंडं पळत नाही. सरडे, गोगलगायी, कासवं फार लांब जाऊ शकत नाहीत.

शेवटी माती. वणव्यानंतर दोन-तीन महिन्यांत सह्याद्रीवर धो-धो पाऊस कोसळतो. उतारावर पाला नाही, गवताची पाती नाहीत, तर पहिल्या सरी थेट मातीवर आपटतात आणि तिला घेऊन खाली जातात.

म्हणजे जुलैमध्ये आपलं मूल ज्या हिरव्या डोंगरासमोर उभं राहून फोटो काढतं, तो डोंगर सावरलेला असेलच असं नाही. हिरवा रंग गवताचा असतो.

पान उलटायला किती वर्षं लागतात?

चित्रपुस्तकाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे पान उलटणं. पुढे काय होणार याची उत्सुकता त्या एका हालचालीत असते. साधारण ३२ पानांच्या पुस्तकात सगळी गोष्ट बसवायची, तर दोन पानांच्या मधे वेळ दडपावी लागते. पण 'राख' आणि 'कोंब' या पानांच्या मधे नेमका किती काळ गेला हे पुस्तक बहुतेक वेळा सांगत नाही. मोठ्यांना अंदाज येतो. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं, उद्या सकाळ झाली.

सह्याद्रीत गवतासाठी त्या मधल्या जागेत चार महिने जातात. झुडपांसाठी काही वर्षं. सावली देणाऱ्या जंगलासाठी काही दशकं, तीही मधे पुन्हा आग लागली नाही तर आणि बी देणारं झाड जवळपास उभं असेल तर. देवराईचं महत्त्व इथे कळतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूची झाडी गेली तरी या राखलेल्या तुकड्यांत जुनं जंगल टिकून असल्याचं त्यांनी नोंदवलं. सावरण्यासाठी लागणारी बियाण्याची पेढी तिथे असते.

त्यामुळे मुलांना वाचून दाखवताना मी एक साधी गोष्ट करते. राखेच्या पानावर थांबते आणि विचारते, "आता पान उलटायच्या आधी तू किती मोठी होशील?" गवतासाठी उत्तर येतं, पुढच्या इयत्तेत. झाडासाठी उत्तर येतं, आईएवढी. वेळेचा अंदाज यायला एवढं पुरतं.

सिलिकॉन ओएसिसमधलं आमचं पुस्तक

आम्ही चार-पाच कुटुंबं महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी पुस्तकं वाचायला जमतो. मुलं पाच ते नऊ वर्षांची. या वर्षी त्यांनी वणव्यावर बारा पानांचं पुस्तक हाताने बनवलं.

पहिला प्रश्न होता, "मावशी, फायर ब्रिगेड किती मिनिटांत येते?" डोंगरावर गाडी जात नाही, म्हटल्यावर खोलीत एकदम शांतता. मग वनरक्षक, वनमजूर आणि गावातली माणसं चालत वर जातात, ओल्या फांद्यांनी झोडपून, पाठीवरच्या ब्लोअरने पाला बाजूला उडवून आग अडवतात, हे सांगितलं. आमच्या पुस्तकाच्या पाचव्या पानावर हीच माणसं आहेत. सगळ्यांच्या हातात झाडांएवढ्या मोठ्या फांद्या आहेत, पण चालायचंच.

दुसरा प्रश्न: "मग इथे वाळवंटात वणवा का नाही लागत? इथे तर जास्त गरम आहे." प्रश्न बरोबर होता आणि उत्तर खाली उतरूनच दाखवता आलं. आमच्या वस्तीच्या कडेला मोकळ्या जागेत दोन झुडपांच्या मधे नुसती वाळू असते. एक पेटलं तरी आगीला दुसऱ्यापर्यंत जायला वाट नाही. डोंगरावर वाळलेलं गवत सलग असतं. उष्णता, हवा आणि जळण, तिन्ही लागतात. यातलं जळण तोडलं की आग थांबते. वन विभाग उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचा पट्टा आधीच कापून किंवा जाळून मोकळा करतो, त्यामागचं तत्त्व हेच. एक जण म्हणाला, "म्हणजे डोंगरावर छोटं वाळवंट बनवायचं!" ते वाक्य आम्ही आठव्या पानावर जसंच्या तसं घेतलं.

सावरण्याची गोष्ट सांगायला मदतीला आलं ते घाफचं झाड. अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष, २०१९ च्या 'सहिष्णुता वर्षा'च्या बोधचिन्हावर हाच होता. घाफ म्हणजे आपली शमी, काही भागांत हिला सौंदड म्हणतात. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं ठेवली ती हिच्यावर. यज्ञात अग्नी मंथून काढायच्या अरणींशीही परंपरेने हिचं नाव जोडलेलं आहे. मुळं खूप खोल जातात आणि फांद्या छाटल्या तरी पुन्हा फुटतात. मुलांना रोजच्या रस्त्यावरचं झाड आणि आजीच्या गोष्टीतलं झाड एकच निघाल्याचं फार आवडलं. 'वर दिसतं त्याहून जास्त खाली असतं' ही कल्पना त्यांना तिथे कळली, मग गवताचे डोळे आणि कंद समजावणं सोपं गेलं.

काडी कुणी टाकली?

सगळ्यात अवघड पान हे. मुलांच्या गोष्टीला खलनायक लागतो. आमच्या पहिल्या कच्च्या चित्रात तो काठी आणि घोंगडीवाला गुराखी होता. दुबईतल्या टॉवरमध्ये वाढणारं मूल, ज्याने गुराखी कधी पाहिला नाही, ते त्याला पहिल्यांदा भेटतंय ते असं. मला ते पटेना, आणि पालकांनाही.

एक तर मुलांना सगळ्या आगी एका माळेत ओवायची सवय लागू नये. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतात. वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून, कडा साफ करून, वाऱ्याचा अंदाज घेऊन जाळतात. शेकोटी, होळी, राब, जाळरेषा, वणवा, आपल्या भाषेत प्रत्येक आगीला वेगळं नाव आहे आणि ती नावंच अर्धा धडा आहेत. इंग्रजी पुस्तक वाचून हे सगळं एका शब्दात जातं.

दुसरं म्हणजे जबाबदारी. आरक्षित वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, हे खरंच. पण जिची जनावरं त्या गवतावर जगतात ती बाई आणि वीकेंडला येऊन सिगारेट टाकून जाणारा पाहुणा, दोघांना एकाच चित्रात बसवता येत नाही. शेवटी मुलांनी त्या पानावर माणूस काढलाच नाही. जमिनीवर पडलेली एक काडी काढली आणि आजूबाजूला वेगवेगळे पाय: अनवाणी, चप्पल, ट्रेकिंगचे बूट, आणि एका कोपऱ्यात चमकणारे स्पोर्ट्स शूज. ते कुणाचे, विचारल्यावर काढणारी म्हणाली, "आमचे. आम्ही पण जातो ना ऑगस्टमध्ये."

घरी करून बघायचं असेल तर

खास पुस्तक शोधत बसायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत निसर्गावरची भरपूर चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि परवाना खुला असल्याने तुम्ही भाषांतरही करू शकता. माधुरी पुरंदरे यांच्या 'चित्रवाचन'सारखं पुस्तक असेल, तर चित्र बघून मुलानेच बोलायचं ही सवय लागते आणि वणव्यासारख्या विषयाला तीच हवी.

परदेशी पुस्तक असेल तर तेही वाचा, फक्त शेवटच्या पानानंतर एक प्रश्न जोडा: हे जंगल कुठलं? आपल्या डोंगरावर असंच होईल का?

नासाचा फर्म्स नावाचा नकाशा कुणालाही उघडता येतो. त्यावर उपग्रहांना दिसलेल्या आगी ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. मार्चमधली एखादी तारीख निवडून आपला जिल्हा बघा. मुलांना एवढंच सांगा, की ठिपका म्हणजे उपग्रहाला तिथे उष्णता दिसली. तो राबही असू शकतो, आणि ठिपक्याचा आकार म्हणजे आगीचा आकार नव्हे.

लहान मूल घाबरलं तर विषय बदलू नका. कोण आग विझवतंय, कोण रोपं राखतंय, आपण काय करू शकतो, हे दाखवा. आपण काहीतरी करू शकतो हे कळलं की मूल जरा शांत होतं.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गावी फोन लावून आजी-आजोबांना समोरच्या डोंगराचा फोटो पाठवायला सांगा. दर महिन्याला एक, त्याच खिडकीतून. जुलैमध्ये मूल तिथे पोचेल तेव्हा त्याच्या हातात काळं पानही असेल. मग हिरवळीत शिरून रोपं मोजायला सांगा: गवत किती, आणि झाडाचं पिल्लू एखादं तरी दिसतंय का.